मधली खोली, अर्धी गोधडी

मी, म्हणजे या कागदाच्या शेवटी जिचा डावा अंगठा उमटणार आहे ती बाई, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर (माझ्या आईच्या हिशेबाने शहात्तर, पण ती मुलींची वयं कमी सांगण्यात पटाईत होती), धंदा घरकाम आणि गोधड्या शिवणे, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने नव्हे आणि कोणाच्या गोड बोलण्यानेही नव्हे, हे मृत्युपत्र तोंडाने सांगत आहे. मला अक्षर येत नाही. लिहिते आहे माझी नात. तिला बजावले आहे की मी बोलेन ते सगळे उतरवायचे, फार तर क्रियापद जागेवर बसवायचे. वकील म्हणतात, मृत्युपत्रात थट्टामस्करी नसावी. त्यांनी त्यांच्यात घालू नये.

डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला विचारले होते, "आज वार कोणता, आजी?" मी म्हटले, "मंगळवारी तुमच्याकडे गर्दी नसते, म्हणून मी मंगळवारीच येते. तुमचं गिऱ्हाईक कमी होतंय, लक्ष द्या." त्यांनी लगेच सही केली.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते आजपासून रद्द समजावे. त्यात मी मधली खोली मुलाला दिली होती. ती खोली माझी नव्हती. शिवाय चोवीस वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या जावेला चार माणसांत चोर म्हटले. ती चोर नव्हती. तेव्हा एक खोली आणि एक शब्द परत करायचा आहे, त्यासाठी हा सगळा खटाटोप. पण वकील म्हणतात क्रमाने जा, म्हणून क्रमाने जाते.

कलम पहिले : घर

काड्यापेट्या एकीला एक लावून ठेवाव्यात तशा पाच खोल्या एका ओळीत आहेत. रस्त्याकडे दोन. त्यांच्यामागे मधली. तिच्यामागे आणखी दोन, त्यांचे दार मागच्या गल्लीत उघडते आणि तिथे धाकटी जाऊ राहते. मधल्या खोलीच्या पलीकडे भिंत आहे. ती मूळची नाही, नंतर घातलेली आहे.

पुढच्या दोन खोल्या मुलाला. अट एकच. मुलगी माहेरी येईल तेव्हा दुसरी खोली तिची, आणि "किती दिवस आहेस?" असे तिला कोणी विचारायचे नाही. हसत हसत तर मुळीच नाही.

कलम दुसरे : शिल्लक

बँकेतले मुलीला. डब्यातले सुनेला. डबा कुठे आहे ते तिला ठाऊक आहे, आणि तिला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. दोघीही आजवर गप्प राहिलो, यालाच मी सुखाचा संसार म्हणते.

कलम तिसरे : हत्यारे

मोठी कात्री, सुयांची डबी आणि मधल्या बोटात घालायची पितळी टोपी नातीला. नात लिहिता लिहिता म्हणाली, "आजी, मला तर बटणसुद्धा लावता येत नाही." म्हणूनच देते. ज्याला येते त्याच्याकडे स्वतःची कात्री असते. कात्रीने कागद कापलेला मला वर कळेल.

कपाट सुताराला परत द्यावे. त्याचे दार पहिल्या दिवसापासून लागलेले नाही. "लाकूड बसेल हळूहळू," असे तो म्हणाला होता. लाकूड अजून उभेच आहे.

कलम चौथे : गोधडी

ट्रंकेत अर्धवट शिवलेली एक गोधडी होती. ती आता ट्रंकेत नाही, माझ्या मांडीवर आहे. तिचे वर्णन लिहून ठेवणे जरूर आहे.

लांबी माझ्या हाताने साडेचार हात. वरचे तुकडे माझ्या आणि धाकटीच्या घरातले: मुलांचे शाळेचे सदरे, एक जुना पडदा, मामंजींच्या, म्हणजे आमच्या सासऱ्यांच्या, सदऱ्यांचे निळे चौकोन. आम्ही दोघी जावा ती मधल्या खोलीत बसून शिवत होतो, मी या टोकाकडून, ती त्या टोकाकडून. दोघींनी मिळून शिवायची गोधडी अशीच शिवतात, ओळीमागून ओळ घालत मध्याकडे यायचे. आमचा नियम असा होता की जी आधी मध्यावर पोचेल तिने थांबायचे. दुसरीच्या वाट्याच्या ओळी घालायच्या नाहीत. शेवटची ओळ दोघींनी मिळून.

धाकटी डावखुरी आहे. तिचे टाके डावीकडे कललेले, माझे उजवीकडे. अंधारात बोट फिरवले तरी कोणाची ओळ कुठली ते कळते. तिचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे. माझेही तेवढेच होते. ती म्हणायची, "जाऊबाई, तुमचा तांदूळ जरा मोठ्या जातीचा आहे."

तेवीस वर्षांपूर्वी ही गोधडी मी गुंडाळून ट्रंकेत टाकली. सगळ्यांना सांगितले, डोळे गेले. डोळे चांगले होते. जरा जास्तच चांगले होते, तिथेच घोटाळा झाला. पुढे वीस वर्षांनी खरोखर मोतीबिंदू आला आणि मी सांगितलेले खोटे एकदाचे खरे झाले. मला बरे वाटले होते.

गेल्या वर्षी मुलाने धरून नेऊन शस्त्रक्रिया करवली. डॉक्टर म्हणाले, "आता सुईत दोरासुद्धा ओवाल." मी मनात म्हटले, मेल्या, हेच नको होते.

ट्रंक उघडली. सुई जिथे सोडली होती तिथेच टोचलेली होती, गंजून कापडाला चिकटलेली. ओढली तर तपकिरी डाग राहिला. तो डाग धुऊ नये, तो तारखेसारखा आहे. मग खिडकीपाशी बसून मी माझ्या बाजूच्या ओळी पुन्हा सुरू केल्या. पहिले आठ दिवस टाके इतके लांब पडले की सून म्हणाली, "आई, ही गोधडी आहे की पोत्याचं तोंड?" रोज दोन बोटे शिवायची आणि एक बोट उसवायची. बोटांना सगळे आठवायला तीन आठवडे लागले. डोक्याला आधीपासून आठवत होते, त्याला काही विसरायची सोयच नव्हती.

गेल्या महिन्यात मी मध्यावर पोचले. नियमाप्रमाणे थांबले आहे. पलीकडे धाकटीच्या बाजूचा वीतभर पट्टा अजून मोकळा आहे.

कलम पाचवे : गोधडीच्या आत काय आहे

हे सावकाश लिही, पोरी.

मामंजींनी मरायच्या आधीच्या वर्षी घराचा नकाशा काढून घेतला. मधे तांबडी रेघ, एका बाजूला आमचा वाटा, दुसऱ्या बाजूला धाकट्या दिराचा. दोघा भावांनी सह्या केल्या. धाकटीला सही येत होती, पण मामंजी म्हणाले, "सुनांत फरक नको, दोघींचे अंगठे घ्या." मग ज्या बाजूला जिचा वाटा, त्या बाजूला तिचा अंगठा, छापखान्याच्या काळ्या शाईत. नकाशाचा कागद निळसर, गुळगुळीत, चकचकीत आणि कडक होता. मला तो कागदच वाटला. तो कापड होता, खळ देऊन कडक केलेला. नकाशे काढणारे असे कापड वापरतात हे मला कोण सांगणार, आणि मी तरी कशाला विचारणार.

मामंजी गेले. कपडे आणि कागदपत्रे ठेवायच्या त्यांच्या पेटीची किल्ली धाकटीकडे असे, कारण शेवटी त्यांचे सगळे तिने केले. दोन महिन्यांनी तिने पेटीतल्या जुन्या कपड्यांचे गाठोडे मला दिले. म्हणाली, "गोधडीत आतून घालायला होतील." मामंजींनी दमट हवेला घाबरून नकाशाची सुरळी एका सदऱ्यात गुंडाळून ठेवली होती. मी गाठोडे सोडलेच नाही. त्याला मलमाचा असा वास होता की सगळेच्या सगळे सोडा घातलेल्या कढत पाण्याच्या बादलीत टाकले. पाणी काळे झाले. त्यातून एक लांबट, पांढरे, बाळाच्या अंगड्यासारखे मऊ कापड निघाले. म्हटले, म्हातारा आतून बराच शौकीन दिसतोय. त्यावरचे डाग मलमाचे समजून वाळवले आणि गोधडीत मधल्या थराला घातले.

पुढच्याच महिन्यात भावाभावांत वाटणीचे बोलणे निघाले. नकाशा सापडेना. आमचे हे म्हणाले, मधली खोली आपल्या वाट्याला होती. धाकटे भावजी म्हणाले, आमच्या. यांचे म्हणणे असे की नकाशात खोली आपली होती, म्हणूनच धाकट्यांनी तो नाहीसा केला. नवऱ्याचे खरे मानायचे, एवढे शिक्षण मला होते.

मोजणीदार, गवंडी, सुईणबाई आणि कोपऱ्यावरचा शिंपी, एवढी माणसे अंगणात उभी होती. त्यांच्यासमोर मी धाकटीला म्हटले, "पेटीची किल्ली हिच्या कमरेला. मग नकाशा काय उंदरांनी नेला? घातला असेल हिनेच शेगडीत. चोर कुठली!"

ती म्हणाली, "जाऊबाई, हे तुम्ही बोललात?" आणि आत गेली.

चार दिवसांत भिंत उभी राहिली, मधल्या खोलीच्या पलीकडे. त्यानंतर आम्ही दोघी एकमेकींचा खोकला ओळखत होतो, बाकी काही नाही.

आठ महिन्यांनी मी एकटीच गोधडी घेऊन बसले. मधला भाग मोकळा होता म्हणून आतला थर सारखा करायला खिडकीशी धरला. उजेड आरपार आला आणि त्या मऊ कापडावर मला अंगठा दिसला. माझा. माझ्या डाव्या अंगठ्यावर लहानपणी कात्री लागल्याची आडवी खूण आहे. मला वाचता येणारे जगातले ते एकच अक्षर. बाकी सगळे पाण्यात गेले होते, छापखान्याची शाई तेवढी राहिली होती. तांबड्या रेघेची गुलाबी झाली होती. रेघेपलीकडे धाकटीचा अंगठा.

मी वितीने मोजले. रेघेपासून माझ्या अंगठ्याच्या बाजूला दोन विती. तिच्या बाजूला तीन. पाच विती, पाच खोल्या. हे समजायला शाळा लागत नाही.

त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. नकाशा कोणी घालवला आणि खोटे कोण बोलले. दोघेही एकाच पलंगावर झोपत होतो.

मी यांना काही विचारले नाही. यांनी मला काही सांगितले नाही. सुई होती तिथे टोचून ठेवली आणि ट्रंकेला कुलूप लावले. पुढे हे गेले, भावजी गेले. दरवेळी वाटले, आता सांगावे. दरवेळी मधल्या खोलीत कोणीतरी होते: सुनेचे बाळंतपण, नातवंडांचा अभ्यास, मग मुलाच्या दुकानाचे पंखे. कारणांची मला कधी चणचण पडली नाही.

कलम सहावे : मधली खोली

मधली खोली मी कोणाला देत नाही. ती धाकटीची होती आणि आहे, मी ती फक्त सोडते. भिंत पाडायची, नवी कुठे घालायची की घालायचीच नाही, हे तिने ठरवावे. खर्च माझ्या मुलाने करावा.

मुलगा पंखे दुरुस्त करतो. हे कलम ऐकून तो म्हणाला, "आई, अगं चाळीस पंखे आहेत तिथे! ते ठेवू कुठे?"

"त्यातले चालतात किती?"

"सहा."

"मग सहांना जागा शोध."

"आणि हे सगळं एका धुतलेल्या फडक्यावरून?"

"फडक्यावरून नाही. माझ्या तोंडावरून. मी सांगते आहे म्हणून."

तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. या घराण्याच्या मानाने हे फारच थोडे झाले.

वकिलांना पुरावा म्हणून गोधडी उसवून हवी होती. मी उसवू दिली नाही. मोकळ्या पट्ट्यातून आत हात जातो, उजेडाला धरले की दिसते. त्यांनी धरले, चष्मा पुसला, पुन्हा धरले आणि म्हणाले, "माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत मी गोधडी वाचली नव्हती." ती शेवटी मी त्यांना वाचून दाखवली.

कलम सातवे : शब्द

हे कलम पहिल्या मसुद्यात नव्हते.

माझा बेत असा होता की मी गेल्यावर हा कागद वाचला जाईल, धाकटीला सगळे कळेल आणि तेव्हा मी तिच्यासमोर नसेन. सोयीस्कर बेत होता. नातीने लिहिणे थांबवले आणि म्हणाली, "आजी, म्हणजे ती तुझ्यावर रागवणार कशी? फोटोवर?"

मला हे सुचले नव्हते असे नाही. पण तिच्या तोंडून ऐकायला वाईट वाटले.

गेल्या सोमवारी सकाळी गोधडी घेऊन मी मागच्या गल्लीने धाकटीच्या दारी गेले. चालत तीन मिनिटे लागतात. चोवीस वर्षे मला ती जमली नव्हती. नात मसुदा घेऊन बरोबर होती. दार उघडून धाकटीने आधी माझ्याकडे पाहिले, मग गोधडीकडे.

"काय, दोरा संपला का?" ती म्हणाली.

"मध्यावर पोचले. थांबले आहे."

"बरीच लवकर पोचलात."

आत बोलावले. ती केवढी म्हातारी झाली आहे! मी तर आरशात रोज थोडी थोडी झाले, ती एकदम झाली. नातीने पाचवे आणि सहावे कलम वाचले. धाकटी ऐकत होती आणि तिचा डावा हात मोकळ्या पट्ट्यातून गोधडीच्या आत होता. वाचून झाले तरी तो तिने काढला नाही.

"खोली घेते," ती म्हणाली. "माझीच आहे, नको का म्हणू? आधी तेवढे पंखे काढायला सांगा."

"सांगितलं आहे."

"मोठे भावजी गेले तेव्हा आमचे हे जिवंत होते. तेव्हा आला असतात तर ऐकून गेले असते. शेवटपर्यंत मला विचारत होते, अगं, खरंच तूच कुठे टाकलास का तो नकाशा? मी नाही म्हणायची. ते बरं म्हणायचे. पण पुन्हा विचारायचे."

यासाठी कलम नाही. जे परत देता येत नाही त्याची यादी या कागदात केलेली नाही, कारण ती करायला मला अधिकार नाही. त्यातली ही एकच गोष्ट इथे लिहून ठेवते.

मी तिला म्हटले, "ही गोधडी तुझ्या नावाने लिहू का?"

"गोधडीचं नंतर. जाऊबाई, तुम्ही मला चार माणसांत बोललात. मेल्यावर कागदात परत घेताय, तेही वकिलाच्या कपाटात. चार माणसांत बोललात तर चार माणसांत परत घ्या. मग मी सुई धरीन."

"चारांतले दोन गेले गं. मोजणीदार गेला. शिंपी गेला."

"मग उरलेल्या दोघांत. ते जायच्या आत."

म्हणून हे सातवे कलम. मी खाली अंगठा करणारी असे जाहीर करते की नकाशा माझ्या धाकट्या जावेने जाळला नाही, लपवला नाही, विकला नाही. तो मी धुतला. हे मला तेवीस वर्षांहून जास्त काळ ठाऊक होते आणि मी गप्प बसले. मी तिला चोर म्हटले तो शब्द तिच्यावरून उचलून माझ्याकडे घेते. तो माझ्याकडेच असावा, मुलाबाळांत वाटू नये.

कलम आठवे : राहिलेले

गोधडी पुरी झाली तर धाकटीची. अर्धी राहिली तरी धाकटीची. मी गेल्यावर ती माझ्या अंगावर घालू नये, मला तेव्हा थंडी वाजणार नाही.

साक्षीदार

वकिलांनी सांगितले की जिला काही मिळते तिने साक्षीला सही करू नये, म्हणून धाकटीची सही इथे नाही. सातवे कलम मी स्वतःच्या तोंडाने, आधी पाठ करून, पुढील दोघांसमोर बोलले. तेव्हा धाकटी समोर बसली होती.

साक्षीदार एक : गवंडी, आता निवृत्त. ही भिंत यांनीच बांधली. सही करताना म्हणाले, "बांधताना मला वाटलं होतं की चुकीच्या जागी घालतोय, पण मला कोणी विचारलं नाही." पाडायची असेल तर त्यांचा मुलगा पाडून देईल.
(सही)

साक्षीदार दोन : सुईणबाई. कमी ऐकू येते. सातवे कलम मला दोनदा बोलावे लागले, दुसऱ्यांदा ओरडून. गल्लीतली आणखी पाच-सहा माणसे दारात आली. धाकटीने त्यांना बसायला सांगितले.
(सही)

लिहिणार : नात. आजीने सांगितले तसे लिहिले, क्रियापदे जागेवर बसवली.
(सही)

ठिकाण : मधली खोली. पंखे काढून झाले आहेत, जमिनीवर तेलाचे डाग आहेत.
दिनांक : नऊ मार्च, मंगळवार, सकाळी अकरा. भिंत घातल्याला चोवीस वर्षे पूर्ण.

मृत्युपत्र करणारीचा डावा अंगठा, आडव्या खुणेसह :

(अंगठा)

हेही लिही, पोरी. मी अंगठा करत असताना धाकटीने उठून माझे मनगट धरले आणि म्हणाली, "नीट दाबा, जाऊबाई. हा धुतला गेला नाही पाहिजे." मग तिने सुई मागितली.